पुसण्याचा इतिहास : धूळपाटी ते मेमरी कार्ड



विषयाचं नाव कळवलं तेव्हा संयोजकांनी फोन करून खात्री करून घेतली, 'सर, लिहिण्याचा इतिहास ना?' आम्ही म्हटलं, नाही, पुसण्याचाच. लिहिण्याचा इतिहास सगळे सांगतात. शिलालेख झाले, ताम्रपट झाले, बखरी, छापखाने झाले. पुसण्याचा इतिहास सांगायला कोणी उभं राहत नाही, कारण पुसणं नीट पार पडलं तर त्याचा पुरावाच उरत नाही. जिथं ते फसलं तिथूनच तो इतिहास गोळा करावा लागतो. आणि फसण्याचा एक नमुना आमच्याच घरात घडला. तो आधी सांगतो. सौ.ना विचारून सांगतो आहोत.

सात-आठ वर्षांपूर्वी सौ.ची छातीची मोठी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर नाशिकचे. चोपड्याहून दर आठवड्याला नाशिक गाठणं त्या अवस्थेत जमणारं नव्हतं. तेव्हा डॉक्टरांनीच सुचवलं, जखमेचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवत जा, गरज वाटली तरच बोलावीन. फोटो आम्ही काढायचो. हात थरथरायचा, पुन्हा काढायचो. असे चाळीसेक फोटो झाले. पुढे जखम भरली, त्या बऱ्या झाल्या आणि फोन जुना झाला. नवा घेताना जुना दुकानात दिला. देण्याआधी एका दुपारी बसून ते फोटो एकेक करून डिलीट केले, फोन रिसेट केला, स्वच्छ फडक्यानं पुसलाही. आतलं मेमरी कार्ड मात्र आतच राहिलं.

दोन-अडीच महिन्यांनी एका संध्याकाळी आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा दारात उभा. तो फोन त्यानं विकत घेतला होता. त्याच्या हातून बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो कार्डावरून उडाले, म्हणून त्यानं उडालेले फोटो परत आणणारं कुठलंसं सॉफ्टवेअर लावलं. साखरपुडा परत आला आणि त्याच्यामागोमाग आमचं घरही आलं. एका फोटोत मागच्या आरशात आम्ही दिसत होतो, त्यावरून त्यानं ओळखलं. कार्ड आमच्या हातावर ठेवून मान खाली घालून म्हणाला, 'सर, मी जास्त पाहिलं नाही.' मुलगा चांगला. चांगला नसता तर आलाच नसता. पण त्या 'जास्त' शब्दावर आम्ही पुढे बऱ्याच रात्री जागलो.

सौ. आतून ऐकत होत्या. त्या जुन्या वळणाचं मराठी बोलतात. तो गेल्यावर एवढंच म्हणाल्या, 'फोन विकताना मला पुसलं होतं का?'

आता या शब्दाकडे बघा. पुसणं म्हणजे फडक्यानं साफ करणं, आणि पुसणं म्हणजे विचारणं. मुळं वेगळी आहेत. विचारण्याचं पुसणं संस्कृतातल्या 'पृच्छ'वरून आलं, साफ करण्याचं दुसरीकडून. बोलता बोलता दोन्हींचं रूप एक झालं. तो योगायोगच, पण आजच्या विषयाला तो इतका चपखल बसतो की व्याख्यान संपेपर्यंत आम्ही त्याला सोडणार नाही.

पुसण्याचं आपल्याकडचं सगळ्यात जुनं साधन म्हणजे धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटानं किंवा काडीनं लिहायचं, हात फिरवला की पाटी कोरी. पंतोजींच्या शाळेतली पोरं धुळाक्षरं गिरवायची ती यावरच. पण हे केवळ पोरांचं साधन नव्हतं. मोठमोठे गणिती याच पाटीवर गणित करत. म्हणूनच गणिताला पाटीगणित आणि धूलिकर्म अशी जुनी नावं आहेत. जागा थोडी असायची, म्हणून आकडा मांडायचा, हातचा घ्यायचा, आधीचा आकडा पुसून त्याच जागी नवा लिहायचा. उत्तर उरायचं, वाट पुसली जायची.

हीच रीत अरबांकडे गेली. दहाव्या शतकात, सन ९५२च्या सुमारास, दमास्कसमध्ये अल-उक्लिदिसी नावाच्या गणितज्ञानं हिंदी अंकगणितावर पुस्तक लिहिलं आणि त्यात सुचवलं की धूळ सोडा, कागद आणि शाई घ्या, म्हणजे सारखं पुसत बसावं लागणार नाही. त्याचं आणखी एक कारण मोठं मजेशीर आहे : रस्त्यावर बसून पोट भरणाऱ्या ज्योतिष्यांच्या हातात धूळपाटी असते, सभ्य माणसाला ती हातात धरायला संकोच वाटतो. तेव्हा पुसण्याला पहिला विरोध झाला तो अब्रूच्या कारणानं. हजार वर्षांनी आम्ही अब्रूच्याच कारणानं पुसता येत नाही म्हणून रडतो आहोत.

आपल्या खानदेशात याचं दुसरं टोक बघायला मिळतं. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शके ११२८चा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठाला दिलेल्या देणग्यांची नोंद त्यात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. ज्या घराण्यानं धुळीवर गणित केलं, त्यानं दान मात्र दगडात कोरून ठेवलं. काय धुळीवर लिहायचं आणि काय दगडावर, याची निवड लिहिणाऱ्याच्या हातात होती.

धूळ गेली, दगडी पाटी आली. तिला बाजूनं लाकडी चौकट, आणि पुसायला ओलं फडकं, नाहीतर थुंकी. आमच्या पिढीतल्या पोरांनी थुंकीच वापरली, कबूल करायला हरकत नाही. पण पाटीवर पेन्सिल दाबून लिहिलं की ओरखडा राहायचा. पुढे आम्ही कॉलेजात शिकवू लागलो तेव्हा काळ्या फळ्यावर तोच अनुभव आला. सकाळचा पहिला तास आमचा, वर्ग मोकळा, उजेड तिरपा. आदल्या दिवशी अर्थशास्त्राच्या सरांनी पुसलेली मागणीची वक्ररेषा आमच्या कांटच्या मागे अंधूक उभी दिसायची. पुसलेलं तिरपं बघितलं की वाचता येतं, हे तेव्हाच डोक्यात पक्कं व्हायला हवं होतं.

कागदाचं प्रकरण मोठं आहे. आणि ते खानदेशातूनच सांगायला हवं, कारण इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात गेले आणि त्यांचं दप्तर सांभाळणारं राजवाडे संशोधन मंडळ तिथंच उभं आहे. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, पुढे खंड बावीस झाले. त्यासाठी हा माणूस गावोगाव हिंडला, वाड्यांच्या माळ्यांवर चढला. कोणाचे कागद? राजेरजवाड्यांचे होतेच, पण त्यांच्याबरोबर घरगुती कागदही होते : उसनवारी, भाऊबंदकी, वतनाची भांडणं, सोयरिकीची बोलणी. पुष्कळ घरांनी दारं लावून घेतली. कोणी कागद नदीत सोडले. जीर्ण पोथी पाण्यात सोडायची आपल्याकडे रीतच आहे. बाकीच्यांचा निकाल वाळवीनं, ओलीनं आणि रद्दीनं लावला.

राजवाड्यांचा संताप आम्ही तरुणपणी वाचला तेव्हा आम्ही पूर्णपणे त्यांच्या बाजूचे होतो. केवढा ठेवा गेला! आज तितकं ठाम बोलवत नाही. माळ्यावरचा तो कागद लिहिणाऱ्या बाईनं किंवा बुवानं कोणाला तरी एकाला लिहिला होता. तो आम्ही वाचावा की नाही हे त्यांना पुसायला आता कोणी नाही. इतिहासकार विचारण्याच्या अर्थानं पुसतो, घरचा माणूस साफ करण्याच्या अर्थानं पुसतो, आणि दोघांचं भांडण एकाच कागदावरून असतं.

मोडीचं तर याहून विचित्र झालं. कागद राहिले, वाचणारे गेले. पणजोबांची पत्रं घरात आहेत, पण घरात कोणालाच वाचता येत नाहीत. म्हणजे ती पुसली गेली का? नाही. मोडी जाणणारा एक माणूस घरात आला की सगळं बोलू लागतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि ही दुसरी. सातबारा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. जमीन विकली, फेरफार झाला, की जुन्या मालकाचं नाव कोणी खरवडून काढत नाही. त्याला कंस करतात. 'नाव कमी झालं' असं आपण म्हणतो, पण कंसातलं नाव कोणालाही वाचता येतं. जमिनीच्या कागदाला तेच योग्य आहे. हक्काची साखळी दिसायला हवी. आमची तक्रार एवढीच की संगणकानं फोटोच्या बाबतीतही तलाठ्याचंच धोरण ठेवलं, आणि आम्हाला मात्र सांगितलं की खरवडून काढलं.

फोटोकडे येऊ. १८३९ साली फोटोग्राफी जाहीर झाली तेव्हा तिची मोठी अडचण कोणती होती? चित्र उमटायचं, पण टिकायचं नाही. उजेडात धरलं की काळं पडायचं. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना १८१९पासून माहीत होतं की हायपो नावाचा क्षार चांदीचे क्षार विरघळवतो. तो वापरून न उमटलेली चांदी धुऊन काढली की चित्र पक्कं होतं. आपल्या गावोगावच्या स्टुडिओत मागच्या अंधाऱ्या खोलीतून वास यायचा तो या द्रावणांचा. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिथल्या सुरुवातीच्या देशी मंडळींत डॉ. नारायण दाजी होते, पाटण्याचा लेख उजेडात आणणाऱ्या भाऊ दाजींचे भाऊ. एका भावाला दगडातलं टिकलेलं सापडलं, दुसरा उजेडातलं टिकवू पाहत होता. थोडक्यात काय, दीडशे वर्षं माणसाची सगळी बुद्धी चित्र कसं राहील यावर खर्च झाली. ते जाईल कसं, हा प्रश्नच कोणाला पडला नव्हता. फोटो फाडला, निगेटिव्ह जाळली, संपलं.

अर्थात निगेटिव्ह आपल्याकडे असली तर. ती बहुधा स्टुडिओत असायची. लग्नाचा अल्बम आपला, निगेटिव्ह त्यांच्या लाकडी कपाटात. चाळीसगावचे केकी मूस यांचं वेगळं. जन्म १९१२, मृत्यू १९८९. आयुष्यातली कित्येक दशकं ते स्टेशनजवळच्या आपल्या घराबाहेर क्वचितच पडले. त्यांचा स्टुडिओ घरातच, चित्र त्यांच्या नजरेआड जायचा प्रश्नच नव्हता. आमच्यासारख्यांची गुपितं मात्र दुसऱ्याच्या कपाटात असायची, आणि तरी झोप लागायची, कारण फोटोवाला गावातला असायचा आणि त्याला गावातच राहायचं असायचं.

कपाटांचं पुढे काय झालं? निगेटिव्हमध्ये आणि एक्स-रेच्या फिल्ममध्ये चांदी असते. जुने एक्स-रे किलोवर विकत घेणारे आजही हिंडतात. ही चांदी सिनेमाच्याही मुळावर आली. जुन्या फिल्म चांदीसाठी भंगारात गेल्या, काही आगीत गेल्या. १९३१चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज हाती नाही. जे जगभर टिकायला हवं होतं ते असं गेलं, आणि आमच्या घरातले चाळीस फोटो, जे जायला हवे होते, ते नखाएवढ्या तुकड्यावर जसेच्या तसे बसून राहिले. ते का, हे नीट समजून घेऊ.

संगणकाच्या डिस्कवर दोन गोष्टी असतात, एक नोंदवही आणि दुसरा माल. नोंदवहीत लिहिलेलं असतं की अमुक नावाचा फोटो अमुक जागी आहे. आपण डिलीट म्हणतो तेव्हा यंत्र नोंदवहीतली ओळ रद्द करतं आणि जागा मोकळी असल्याचं लिहितं. मालाला हात लावत नाही, कारण त्याला वेळ लागतो. जुन्या डॉस प्रणालीत तर गंमतच होती. फाइल डिलीट केली की तिच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर बदललं जायचं. १९९१च्या आवृत्तीत डिलीट झालेलं परत आणण्याची आज्ञा आली, ती तुम्हालाच विचारायची, नावाचं पहिलं अक्षर काय होतं? ते सांगितलं की फाइल परत हजर. कॅमेऱ्याच्या आणि फोनच्या कार्डांवर आजही बहुधा त्याच घराण्यातली नोंदपद्धत चालते. आम्ही त्या दुपारी चाळीस वेळा बोट दाबलं, ते चाळीस वेळा कंस केले.

मग त्या मुलाच्या सॉफ्टवेअरनं काय केलं? त्यानं नोंदवही बघितलीच नाही. सरळ मालात शिरलं. प्रत्येक छायाचित्राच्या फाइलची सुरुवात ठरावीक खुणेनं होते, ती खूण दिसेल तिथून उचलत गेलं. ते मोडी जाणणाऱ्या माणसासारखं आहे. घरच्यांना जे दिसत नाही ते त्याला लख्ख दिसतं. असली सॉफ्टवेअरं फुकट मिळतात, आणि त्यांत वाईट काही नाही. हरवलेले फोटो परत मिळून कोणाकोणाचे डोळे पाणावतात.

आम्ही शिकवलं तत्त्वज्ञान, त्यामुळे इथं सवय सुटत नाही. तापी ओलांडली की अमळनेर, आणि तिथं १९१६ साली प्रताप शेटजींनी उभं केलेलं तत्त्वज्ञान मंदिर. त्या परंपरेत वाढलेल्या माणसाला वैशेषिकांचा सातवा पदार्थ आठवतोच : अभाव. 'नसणं' हाही एक पदार्थ आहे, आणि त्याचे प्रकार आहेत. घडा अजून घडवलेला नाही, तो प्रागभाव. घडा फुटला, तो प्रध्वंसाभाव. याला सुरुवात आहे पण शेवट नाही. एकदा फुटला की तो घडा पुन्हा कधीच नाही. आपण डिलीट दाबतो तेव्हा आपल्याला वाटतं प्रध्वंसाभाव झाला. प्रत्यक्षात घडा कोपऱ्यात तसाच, फक्त 'इथं घडा आहे' ही पाटी काढलेली. नाम गेलं, रूप राहिलं. आपले जुने लोक म्हणत की नाम टिकतं आणि रूप नासतं. यंत्रानं ते उलटं केलं.

२००३ साली अमेरिकेत सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलात या दोघांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत आणल्या. त्यांपैकी १२९ चालू निघाल्या. नीट पुसलेल्या किती? फक्त १२. बाकीच्यांवर लोकांची पत्रं, आजारपणाची माहिती, आणि क्रेडिट कार्डांचे पाच हजारांहून जास्त क्रमांक. पुढे २०१४ साली अव्हास्ट या कंपनीनं वीस जुने फोन विकत घेतले आणि त्यांतून चाळीस हजारांहून अधिक फोटो परत काढले. त्यांत मुलांचे होते, घरातल्या बायकांचे होते, उघड्या अंगाचेही होते. विकणाऱ्यांनी ते सारं पुसलं आहे असंच मानलं असणार. अव्हास्टवाले स्वतः त्या धंद्यातले, त्यांना आपला माल खपवायचा होता, हे खरं. पण फोटो खोटे नव्हते. आणि मोठ्यांचंही तेच. २०२२ साली मॉर्गन स्टॅन्ली या बलाढ्य वित्तसंस्थेला अमेरिकेच्या नियामकानं साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला, कारण जुनी यंत्रं निकाली काढायचं काम तिनं सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिलं, जिला डेटा पुसण्याचा अनुभवच नव्हता.

यावर उपाय म्हणून पूर्वी सांगत, पुसायच्या जागेवर दुसरं काहीतरी लिहा. धूळपाटीचीच रीत. किती वेळा? पीटर गुटमन यांनी १९९६च्या निबंधात त्या काळच्या डिस्कांसाठी ३५ वेळांची पद्धत मांडली. लोकांनी ती मंत्रासारखी धरली, ३५ आवर्तनं! पुढे गुटमननीच वैतागून लिहिलं की याचा तुम्ही जादूटोणा करून टाकलाय. आजच्या फिरत्या डिस्कवर एकदा सगळं नव्यानं भरलं तरी पुरतं.

कार्डाचं आणि पेनड्राइव्हचं मात्र वेगळं आहे. त्यांत फ्लॅश मेमरी असते. ती जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात शोधली. तिला 'फ्लॅश' नाव का पडलं ठाऊक आहे? तिच्यातला अख्खा भाग एका क्षणात पुसला जातो, ते बघून मासुओकांच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली. म्हणजे या स्मृतीला नावच मिळालं ते तिच्या पुसण्यावरून! आणि तीच पुसायला सगळ्यात अवघड. कारण तिचा प्रत्येक भाग ठरावीक वेळाच पुसता येतो, मग झिजतो. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून आतला नियंत्रक नवं लिखाण जुन्या जागी न लिहिता दुसरीकडेच लिहितो. आपण समजतो त्याच ओळीवर दुसरं लिहिलं. त्यानं पान बदललेलं असतं, आणि जुनं पान त्याच्या सवडीनं कधीतरी साफ होतं. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोच्या संशोधकांनी हे तपासलं. फ्लॅशवरची एकेक फाइल वेचून पुसायची एकही पद्धत भरवशाची निघाली नाही. काही कंपन्यांच्या यंत्रांत तर 'सगळं पुस' ही आज्ञाच नीट बसवलेली नव्हती.

मग करायचं काय? हे प्रश्न आधीच पुष्कळांनी लिहून पाठवलेत, तेव्हा आम्हाला कळलं तेवढं सांगतो. अलीकडच्या फोनमध्ये युक्ती बदलली आहे. सगळा माल कुलपात ठेवायचा आणि पुसायची वेळ आली की फक्त चावी नष्ट करायची. आयफोनमध्ये हे २००९पासून आहे, अँड्रॉइडच्या बहुतेक नव्या फोनांना २०१५पासून सक्तीचं झालं. असा फोन असेल तर आधी गूगलच्या किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडा, मग सेटिंगमध्ये जाऊन फॅक्टरी रिसेट करा. आतला माल राहिला तरी तो निरर्थक. पण हे फोनच्या पोटातल्या साठ्याचं झालं. खोबणीत घातलेल्या कार्डाला बहुधा ते कुलूप नसतं, आणि रिसेटचा हात त्याच्यापर्यंत पोचत नाही. आमची चूक झाली ती इथं. कार्ड काढून घ्या, कधीच विकू नका. दोन-तीनशे रुपयांची वस्तू ती. संगणकाची फिरती डिस्क असेल तर झटपट फॉरमॅट करू नका, त्यात नोंदवहीच तेवढी नवी होते. पूर्ण फॉरमॅट करा, रात्रभर लागेल, लागू द्या. एसएसडी असेल तर बनवणाऱ्या कंपनीचं पुसण्याचं साधन वापरा, आणि मुळात वापरायला घेतानाच तिला कुलूप लावलं असेल तर उत्तम.

बंद पडलेल्या फोनचं फार विचारतात. गल्लीत येतात ना, 'बंद मोबाइल, जुने मोबाइल' ओरडत, प्लास्टिकचं टोपलं देऊन घेऊन जातात. बोहारणीला जुना शर्ट देताना आपण खिसे चाचपतो. बंद फोनचे खिसे आपल्याला चाचपता येत नाहीत, पण दुसऱ्या कोणाला येऊ शकतात. तो देऊच नका. रागाच्या भरात त्यावर हातोडाही घालू नका, बॅटरी फुटून पेट घेते. दुकानात समोर उभं राहून बॅटरी काढून घ्या आणि आतली मुख्य पट्टी घरी आणा.

आणि प्रती. फोटो फोनमधून गेला म्हणजे जगातून गेला असं नाही. गूगल फोटोच्या कचरापेटीत तो साठ दिवसांपर्यंत पडून असतो, आयफोनमध्ये तीस. व्हॉट्सॲपच्या पाठवलेल्यांच्या फोल्डरात एक प्रत, बॅकअपमध्ये एक, ज्याला पाठवला त्याच्याकडे एक. आम्हाला हे सुचलं तेव्हा आम्ही त्या डॉक्टरांना फोन केला. भला माणूस. म्हणाले, सर, मधल्या काळात माझे दोन फोन बदलून झाले. त्या जुन्या फोनांचं काय केलं, हे विचारायचं आमच्या तोंडी आलं होतं. आम्ही तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

कायद्याचं थोडक्यात. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमात कोणाच्या गुप्तांगाचं चित्र संमतीशिवाय टिपणं, पाठवणं, प्रसिद्ध करणं याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतात. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून मागायचा हक्क लिहिलेला आहे, पण तो कंपन्यांसारख्या संस्थांपुढचा. घरगुती कामापुरत्या वापराला तो कायदा लागूच नाही. विकलेल्या फोनातलं कार्ड ज्याच्या हाती पडेल, त्याच्या सज्जनपणावरच सगळं. आमच्या वाट्याला एक सज्जन मुलगा आला.

तो कार्ड देऊन गेला त्याला दोन दिवस झाले, आणि सौ. म्हणाल्या, मला बघायचेत. त्यांनी ते फोटो कधी पाहिलेच नव्हते. काढणारे आम्ही, बघणारे डॉक्टर. ज्यांचं अंग त्यांनाच कोणी पुसलं नव्हतं. मुलाला विचारून ते सॉफ्टवेअर आम्ही लावलं, त्यांच्या शेजारी बसलो. त्या एकेक फोटो बघत गेल्या, काही बोलल्या नाहीत. आरशातल्या फोटोशी थोडं थांबल्या, म्हणाल्या, तुम्ही किती वाळला होतात तेव्हा. शेवटचा फोटो जखम भरल्यानंतरचा होता. त्यात त्यांचा चेहराही आला होता, आणि त्या हसत होत्या. आमच्यातला राजवाडा जागा झाला. आम्ही म्हटलं, एवढा एक ठेवू का?

'पुसलंत, ते बरं केलंत,' त्या म्हणाल्या, 'पण नको.'

संगणकावर काही उतरवलेलं नव्हतं, तरी त्यांनी आमच्याकडून दोनदा खात्री करून घेतली. मग पानाच्या डब्यातला अडकित्ता आणायला सांगितला. कार्ड आडवं धरून दाबलं. सुपारीपेक्षा आवाज बारीक आला. दोनाचे चार तुकडे केले. तीन कचऱ्यात टाकले आणि एक मुठीत धरून त्या आत गेल्या. तो कुठं ठेवला ते आम्ही अजून पुसलेलं नाही.

थोडं पाणी घेतो. प्रश्न असतील तर विचारा.